एमबीएच्या आधीची रास

यंदाही ती यादी आली. माझ्या नावावर नाही, तन्वीच्या. तन्वी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी आणि आकड्यांना माझ्याइतकीच भिणारी. तिला पुण्यातल्या एका संस्थेत एमबीएला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सुरू व्हायला पाच आठवडे उरलेत, आणि तोवर काय काय ‘करून यावे’ याचं दोन पानी पत्रक तिनं मला मोबाइलवर पाठवलं. खाली फक्त तीन शब्द होते: ‘आत्या, मी मेले.’

धुळ्याच्या ऑफिसात बसल्या बसल्या मी ते उघडलं आणि मला हसू आलं. माझ्या एमबीएच्या प्रवेशाला बारा वर्षं झाली, संस्था वेगळी, शहर वेगळं, पण यादी तीच. प्राथमिक संख्याशास्त्र. हिशेबशास्त्राची तोंडओळख. एक्सेल. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, अग्रलेखासकट. आणि तळाशी जाड अक्षरांत तेच वाक्य, की पहिल्या दिवशी पूर्वतयारीची चाचणी घेण्यात येईल. ते ‘घेण्यात येईल’ वाचलं की अजूनही हात पेन शोधतो. मग आठवतं की आपली चाचणी घेऊन झाली आहे. मी पंख्याखाली पाय पसरून चहा मागवला.

त्या वर्षीचा उन्हाळा जाता जात नव्हता. जुलै लागला तरी अंगाला कपडे चिकटत होते. एक-दोन सरी येऊन गेल्या होत्या, पण त्यांनी गारवा आणण्याऐवजी जमिनीतली वाफ तेवढी वर काढली. यावलजवळचं आमचं गाव केळीत बुडालेलं आहे. घराच्या ओट्यावरून बघितलं की आधी केळी, मग केळी, आणि त्यामागे सातपुडा. ओट्यावरच्या पत्र्याच्या कूलरसमोर मी पुस्तकं मांडून बसायची. कूलरच्या वाऱ्यानं पानं फडफडायची, म्हणून त्यांच्यावर कच्च्या केळ्यांची एक फणी ठेवायची. फणी तोडलेल्या जागी चीक गळतो आणि त्याचा डाग कशानंही जात नाही. माझ्या संख्याशास्त्राच्या पुस्तकावर असे तपकिरी डाग इतके आहेत, की मी ते पुस्तक फार वापरलं असं कुणालाही वाटावं.

खरं तर मी ते उघडून नुसती बसायची. मी मराठी घेऊन बीए झालेली. अमळनेरच्या कॉलेजात तीन वर्षं कविता, व्याकरण आणि वसतिगृह, एवढंच माझं जग. गणित दहावीत सुटलं तेव्हा मी पेढे वाटले होते. एमबीएची प्रवेश परीक्षा मैत्रिणीच्या नादानं दिली, भाषेच्या जोरावर निघाली आणि जळगावच्या एका संस्थेत नाव लागलं. आईला मी बी.एड. करायला हवं होतं. ‘मास्तरीन व्हय, सुखी ऱ्हाशीन,’ असं ती भाकरी थापता थापता दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि तिचं काही चुकत होतं असंही मला वाटत नसे. मीच मनाशी ठरवलं होतं: महिनाभर अभ्यास करायचा. प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख महिनाअखेरच्या शुक्रवारची होती. त्याआधी जमलं तर जायचं, नाही तर अर्ज देऊन मोकळं व्हायचं. हे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

संस्थेनं यादीबरोबर नमुन्याची प्रश्नपत्रिका दिली होती. चाळीस गुणांची. पहिल्यांदा सोडवली, आठ मिळाले. दुसऱ्यांदा सोडवली, अकरा.

मग मी वैशालीकडे धुळ्याला गेले. वैशाली वसतिगृहातली माझी खोलीतली जोडीदारीण, कॉमर्सवाली. यावलहून भुसावळ, तिथून जळगाव, जळगावहून धुळ्याची एसटी. उतरेपर्यंत माझा पार भुगा झालेला. दारातच तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिच्या अहिराणीत सुरू झाली, “का रडी ऱ्हायनी व तू? बठ्ठं सोपं शे.”

मी रडत नव्हते आणि सगळं सोपंही नव्हतं. पण तिनं विचारल्यावर रडले.

चार दिवस तिनं मला हिशेब शिकवला. डेबिट आणि क्रेडिट या दोन शब्दांनी मला घेरी यायची. कुठलं डावीकडे, कुठलं उजवीकडे, आणि एकाच गोष्टीची नोंद दोनदा कशाला, हेच कळेना. तेव्हा तिच्या आईनं शेजारी देण्यासाठी वाटीत फुनके भरले होते. डाळीचे ते वाफवलेले मुटके आणि कढी, हे खानदेशात कुणाच्याही घरी आवडीनं खातात. वाटी गेली आणि थोड्या वेळानं शेजारणीकडून तीच वाटी लिंबाच्या लोणच्यानं भरून परत आली, कारण आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. वैशालीनं ती वाटी माझ्या वहीवरच आदळली.

“पाह्य. फुनका गयात, लोणचं उनं. दोन्ही लिख. बस, हाई शे!”

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ते लोणचं वहीवर सांडशीन व!” आणि सांडलंच. हिशेबशास्त्राची माझी वही आजही उघडली की तेलकट लागते. पण डेबिट-क्रेडिट त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलं. परत येताना एसटीच्या खिडकीतून तोंडावर गरम वारं घेत मी विचार करत होते, की अर्धं तर झालं. उरलं फक्त संख्याशास्त्र. आणि खरं अवघड तेच होतं.

सरासरी म्हणजे काय हे मला येत होतं. बेरीज करा, भागा. पण त्यापुढचं प्रकरण होतं नमुना निवडीचं. हजारातून वीस उचलायचे आणि हजाराबद्दल बोलायचं. मला ती थेट लबाडी वाटायची. त्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानाच्या पुढे मी कधी गेलेच नाही.

आणि नेमकं तेव्हाच आबा म्हणाले, “बाई, तू शिकेल हाये. यंदा रास तूच काढ.”

आबा म्हणजे माझे वडील. सातवीपर्यंत शाळा, रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, आणि चाळीस वर्षं केळी. केळीत रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन. कापणीच्या आधी ती अंदाजानं काढतात, कारण व्यापाऱ्याला गाडी केवढी पाठवायची ते सांगावं लागतं. आबा हे काम कशावरही करत. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, खताच्या गोणीच्या कोपऱ्यावर, कधी तळहातावर. मी मात्र रीतसर वही घेतली, कॅल्क्युलेटर घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि निघाले. एका फणीचं वजन काट्यावर करून घेतलं होतं. घडाखाली उभं राहायचं, फण्या मोजायच्या, गुणायचं, लिहायचं. वीस घड मोजले, बेरीज केली, भागली. चोवीस किलो.

“चोवीस?” आबा म्हणाले, “मले तं एकोनीस-वीस वाटून ऱ्हायली.”

“तो तुमचा अंदाज आहे आबा. हा हिशेब आहे.”

हे वाक्य मी बोलले. बारा वर्षांनी लिहितानाही माझे कान गरम होताहेत. आबा हसले. “बरं. हिशेब तं हिशेब,” असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर व्यापाऱ्याला फोन लावला आणि आमची पोरगी म्हणते चोवीसची रास आहे, मोठी गाडी पाठवा, असं अभिमानानं सांगितलं.

मंगळवारी मोठी गाडी आली. माणसं डोक्यावर घड वाहत होती, दुसरी ते केळीच्या पानांवर रचत होती, आणि मी ओट्यावरून साहेबासारखी बघत होते. बाग कापून संपला तेव्हा गाडीचा मागचा मोठा कोपरा मोकळाच होता. रास निघाली साडेएकोणीस. भरणाऱ्यांचा म्होरक्या गाडीवर उभा राहून ओरडला, “आबा, तुमची चोवीस कुठी गेली हो?” सगळे हसले. आबाही हसले, आणि शेजारच्या नानांच्या तयार बागातले घड मागवून त्यांनी गाडी भरून दिली. कुणाचं काही बिघडलं नाही. त्यांच्यासाठी ती दुपारपर्यंतची गंमत होती.

माझ्यासाठी नव्हती. मी बेरीज तीनदा तपासली. ती बरोबर होती. बरोबर बेरीज करूनही उत्तर चुकतं, मग माझ्यासारखीनं त्या वर्गात जाऊन करायचं काय? दुपारी जेवण न करता मी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. ‘मा. संचालक महोदय, वैयक्तिक कारणास्तव मी माझा प्रवेश रद्द करू इच्छिते.’ घडांच्या वजनास्तव असं लिहिता येत नाही. सही केली, घडी घातली आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिला. शुक्रवारी जळगावला जाऊन द्यायचा. अर्ज लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट रात्री आई वाढायला आली तेव्हा तिच्याकडे बघवेना.

गुरुवारी सकाळी आबांनी हाक मारली. “चाल, खालच्या बागाची रास काढू.”

“मी नाही येत. तुमचं तुम्ही काढा.”

“चाल तं खरी. वही घेऊ नको, मी घेतला कागद.”

माझी पहिली चूक मला बागात शिरताक्षणी कळली, कारण आबा रस्त्याच्या कडेनं गेलेच नाहीत. ते सरळ आत घुसले. आत म्हणजे जिथे पानं पानांत अडकलेली, पायाखाली ठिबकच्या नळ्या, अंगावर गळणारं पाणी, आणि कपड्यांना चीक लागणार हे ठरलेलं. दहा ओळी सोडायच्या, अकराव्या ओळीत शिरायचं, दहा झाडं सोडायची, अकराव्याशी थांबायचं. घडाखाली तळहात लावायचा, फण्या बघायच्या, आकडा लिहायचा, पुढे. एका झाडाचा घड अगदीच किरकोळ होता. मी म्हटलं, “हा सोडा आबा, उगाच रास खाली येईल.”

“सोडायचा कसा? तो बी गाडीत जाईनच ना!”

आणि चालता चालता, मागे न बघता, ते म्हणाले, “बेरीज तुही बरोबरच व्हती, बाई. पन तू समदे घड रस्त्याकडचे मोजले. तिकडी नळी सुरू होते, पानी पहिले तिकडी. ते घड मोठेच ऱ्हातीन. मधी कोन जाईन?”

मी पायाखालच्या नळीकडे बघितलं. खरंच होतं. मी रस्त्यावरून न उतरता, चप्पल न भिजवता, हाताशी येतील ते वीस घड मोजले होते.

शेवटची झाडं बागाच्या पश्चिम कडेची होती. मे महिन्यात तिकडून गरम वारा येतो. आडोशाला लावलेली शेवरी त्या वर्षी उंच झालीच नव्हती, त्यामुळे त्या ओळीची पानं फाटून लोंबत होती आणि घड बारके, वाकडे. मी सहज विचारलं, “आणि मी फक्त इकडचे मोजले असते तर?”

“तं दहाची रास निंघाली असती,” आबा म्हणाले, “आन् मी म्हटलं असतं बाग गेला, टाका उपटून.”

तिथे, त्या करपलेल्या ओळीत उभी असताना, मला माझी दुसरी चूक कळली. मी कोण आहे हे ठरवायला मी काय काय मोजलं होतं? दहावीचं गणित. प्रवेश परीक्षेतला आकड्यांचा भाग. आठ आणि अकरा. सगळे घड पश्चिमेच्या कडेचे. अमळनेरच्या वसतिगृहात दोन वर्षं मेसचा कारभार माझ्याकडे होता. रविवारी किती मुली गावी जातील आणि किती भाकऱ्या टाकायच्या, हा आकडा मी मुलींच्या बोलण्यावरून काढायची आणि तो क्वचितच चुकायचा. तो मी कुठे धरला होता? चार दिवसांत शिकलेलं डेबिट-क्रेडिट कुठे धरलं होतं? मी माझ्या मधोमध कधी शिरलेच नव्हते. मला एकदम इतकं बरं वाटलं, की मी त्या वाकड्या घडाला हात लावून उभी राहिले. आबा पुढे निघून गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी खिशातला कागद काढून माझ्यापुढे टाकला. “कर बेरीज.” वीस आकडे, पेन्सिलीनं, एकाखाली एक, चिकाचे ठसे उमटलेले. तीनशे त्र्याहत्तर. भागिले वीस. अठरा पूर्णांक सहा-पाच. मी आकड्याखाली रेघ मारली आणि सवयीनं कागद उलटा केला.

‘मा. संचालक महोदय.’

माझंच अक्षर. माझीच सही. आणि त्या सहीवर पाठीमागच्या पेन्सिलीचा दाब उमटलेला. मी मान वर करून बघितलं तर आबा मोरीपाशी पाय धूत होते, पाठमोरे, नेहमीसारखे निवांत. अर्ज वाचून उचलला, की मिळेल तो कागद उचलायची त्यांची खोड नडली? मी कागद पुन्हा आकड्यांच्या बाजूनं उलटा केला. आईनं चहा आणला, तो आम्ही प्यायलो.

शुक्रवारी मी जळगावला गेले नाही. दिवसभर ओट्यावर बसून ते नमुना निवडीचं प्रकरण दुसऱ्या पानापासून पुढे वाचलं. त्यात रँडम होतं, ठरावीक अंतरानं उचलायचं सिस्टिमॅटिक होतं, आणि प्रत्येक व्याख्येपाशी मला आबांची पाठ दिसत होती. घड्याळात पाच वाजून गेले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता रद्द करायचा रस्ताच उरला नव्हता, आणि त्याचं मला इतकं सुख वाटलं की मी आईला म्हटलं, आज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कर आणि ठेचा तिखट कर. तिसऱ्यांदा प्रश्नपत्रिका सोडवली तेव्हा चोवीस मिळाले. तो आकडा बघून मी एकटीच हसत सुटले, आणि या वेळी उत्तरं पुन्हा एकदा नीट तपासली.

खालचा बाग कापला, लहान गाडी आली आणि काठोकाठ भरून गेली.

आणि चाचणी? तिची काय ती कथा. हॉल मोठा होता, एसी थंड होता, माझ्या शेजारचा इंजिनिअर वीस मिनिटांत उठून गेला. मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसले. मला सव्वीस मिळाले. यादी लागली तेव्हा माझं नाव वर शोधलं, सापडलं नाही. खाली शोधलं, तिथेही नाही. ते बरोब्बर मधे होतं. त्या मधल्या जागेचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे पदवीचासुद्धा झाला नाही.

आता धुळ्याच्या एका दूध कंपनीत मी मागणीचे अंदाज काढते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किती श्रीखंड लागेल, लग्नसराईत किती पनीर. नव्यानं आलेली मुलं शहरातल्या दोन मोठ्या दुकानांचे आकडे घेऊन येतात. मी त्यांना शिरपूरच्या, साक्रीच्या आडवाटेच्या दुकानांत पाठवते. ती कुरकुरत जातात.

गेल्या रविवारी मी गावी गेले. तन्वीही दीपनगरहून आली होती, चेहरा उतरलेला. नमुन्याच्या प्रश्नपत्रिकेत तिला नऊ मिळाले होते. “आत्या, मी कॅन्सल करते. शनिवारपर्यंत वेळ आहे. मला नाही जमणार, मला माहितीये.”

मी आत जाऊन कपाटातून ते डागाळलेलं पुस्तक आणलं आणि त्यातला कागद तिच्या हातात दिला. तिनं आधी आकड्यांची बाजू बघितली, मग उलटा केला, वाचला, पुन्हा वाचला. मी तिला सगळं सांगितलं, गाडीचा मोकळा कोपरासुद्धा. आबा बाजूच्या खाटेवर होते. आता त्यांना ऐकू कमी येतं आणि बागात धाकटा भाऊच जातो. मी बारा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते या पोरीनं अर्ध्या मिनिटात विचारलं, तेही ओरडून.

“आबा, तुम्ही आत्याचा अर्ज वाचला होता का हो?”

आबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“वाचला व्हता ना,” ते म्हणाले. “पन एका कडेचीच रास व्हती ती. तिच्यावर गाडी कोन बोलावीन?”